खळ्यावरचा वाटा



ज्या गुरुजींनी या पंचक्रोशीतील मुलांना अक्षरओळखीबरोबर आपल्या गावाकडे डोळसपणे पाहण्याचीही सवय लावली, त्यांच्या पुण्यस्मरणार्थ चाललेल्या या व्याख्यानमालेत ‘आपला मुलूख आणि त्याच्या परंपरा’ या विषयावर बोलण्याची आज्ञा आपण मला केलीत, याबद्दल मी आपला ऋणी आहे. विषय जिव्हाळ्याचा आहे आणि म्हणूनच अवघड आहे; जन्मभूमीविषयी बोलताना देवळे, जत्रा, सणवार आणि पक्वान्ने यांची प्रेमळ यादी देऊन थांबावे असा मोह कोणासही होतो, आणि श्रोत्यांनाही ती यादी गोड लागते. परंतु या रूढी कोणत्या गरजेतून जन्मल्या, त्यांनी कोणाला जवळ केले व कोणाला वेशीबाहेर ठेवले, आणि त्यांतील काय आज जतन करण्याजोगे आहे, हे विचारल्याखेरीज परंपरेला न्याय मिळत नाही, असे मला वाटते.

माझे प्रतिपाद्य आरंभीच सांगतो. शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांच्या मुलखात, म्हणजे घोड व भीमा यांच्या काठच्या गावांत, संस्कृतीचा गाभा वाटणीच्या रीतीत आहे. पिकलेल्या राशीत कोणाचा किती वाटा, तो कोणत्या हक्काने, आणि वाटेने आलेल्या परक्याला त्या राशीत जागा आहे की नाही, हे ठरविताना आमच्या पूर्वजांनी जी व्यवस्था निर्माण केली, तिच्याच भोवती आमचे देव, आमच्या जत्रा आणि आमची गाणी उभी राहिली. त्या व्यवस्थेत औदार्य होते, तसा घोर अन्यायही होता. दोहोंचा हिशेब एकाच वहीत मांडला पाहिजे.

ही व्यवस्था येथेच का रुजली, याचे उत्तर भूगोलात आहे. पुण्याहून पूर्वेस निघाले की सह्याद्रीचा पाऊस झपाट्याने मागे पडतो, आणि शिरूर-दौंडच्या माळावर येईतो वर्षाचे पर्जन्यमान वीस इंचांच्या आसपास उरते. नद्या मात्र सह्याद्रीतून भरून येतात. भीमेला रांजणगाव सांडसजवळ मुळा-मुठा मिळते, पुढे घोडही तिच्यात येऊन मिसळते. पाऊस दुसऱ्यांच्या डोंगरावर पडावा, त्याचे पाणी आपल्या दारावरून वाहत जावे, आणि काठापासून कोस-दोन कोसांवरच्या शिवारात मात्र बाजरी अन् हुलग्याखेरीज काही तगू नये, अशी ही परिस्थिती. ज्या मुलखात तीन-चार वर्षांआड एक वर्ष हातचे जाते, तेथे वाटून घेतल्याशिवाय कोणीच टिकत नाही.

याचा सर्वांत जुना पुरावा घोडनदीच्या काठी, शिरूर तालुक्यातील इनामगाव येथे सापडला. डेक्कन कॉलेजाच्या वतीने डॉ. ह. धी. सांकलिया, डॉ. म. के. ढवळीकर आणि डॉ. झै. दा. अन्सारी यांनी १९६८ पासून १९८३ पर्यंत तेथे उत्खनन केले, आणि इ. स. पूर्व १६०० ते ७०० या सुमारे नऊशे वर्षांच्या कालखंडातील ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांचे एक संपूर्ण गाव जगासमोर आणले. महाराष्ट्रातील आद्य शेतकऱ्यांविषयी आपणांस जे काही निश्चितपणे ठाऊक आहे, त्यातील फार मोठा भाग या एका गावाने दिलेला आहे. ते लोक जव, गहू, मसूर पिकवीत, गुरे पाळीत. पुराचे पाणी वळवून साठविण्यासाठी त्यांनी कालवा खोदला होता आणि त्याला दगडी बांध घातला होता. वस्तीच्या मध्यभागी पाच खोल्यांचे एक मोठे घर होते आणि त्याच्या शेजारी धान्याचे कोठार. ढवळीकरांनी त्या घरास गावच्या मुखियाचे घर मानले आणि त्या कोठारात गावकऱ्यांनी दिलेला धान्यरूपी वसूल साठविला जात असावा, असे अनुमान केले. हे अनुमान मान्य केले, तर धान्य एकत्र करणे, ते कोणाच्या तरी देखरेखीखाली ठेवणे आणि अडीअडचणीस वाटणे ही क्रिया आमच्या भूमीत तीन सहस्र वर्षांपूर्वीच सुरू झाली होती, असे म्हणता येते.

परंतु त्याच उत्खननाने आणखी एक गोष्ट दाखविली. सधन शेतकऱ्यांची घरे गावाच्या मध्यावर होती, तर कुंभार, सोनार, चुना भाजणारे अशा कारागिरांची घरे पश्चिमेच्या कडेला होती. मध्य आणि कड हा भेदही कोठाराइतकाच जुना आहे. मृतांना ते लोक घराच्या भुईखालीच पुरीत, बालकांना दोन रांजणांची तोंडे एकमेकांस जोडून त्यांत ठेवीत, आणि प्रौढांचे पाय घोट्यापासून तोडीत. बहुधा गेलेल्याने घर सोडून जाऊ नये म्हणून. एका घराच्या भुईखाली कच्च्या मातीची एक पेटी मिळाली आणि तिच्यासोबत शिर नसलेली स्त्रीमूर्ती व एक बैल. कान्हूरची मेसाई, कवठ्याची यमाई, वडगावची रासाई, कुरकुंभच्या डोंगरावरची फिरंगाई या आमच्या ग्रामदेवतांची परंपरा थेट त्या मूर्तीपर्यंत नेऊन भिडविण्याचे धाडस मी करणार नाही. मध्ये फार मोठी पोकळी आहे. परंतु देवी आणि बैल या दोघांना शेतकऱ्याने आपल्या घराच्या पायाशी जागा दिली, आणि आजही या भागात भाद्रपदी पोळ्याला बैलाच्या खांद्याला लोणी-हळद लावल्याशिवाय घरातील कोणी जेवत नाही, या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहाव्यात, एवढेच सुचवितो. इ. स. पूर्व १००० नंतर हवामान कोरडे होत गेले, चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, शेतीपेक्षा पशुपालन वाढले आणि अखेरीस ते गाव ओस पडले. आमच्या मुलखातील पहिला दुष्काळी स्थलांतराचा दस्तऐवज असा मातीत लिहिलेला आहे.

ऐतिहासिक काळात या वाटणीला जे रूप आले ते आपण सारे जाणतो. खळ्यावर रास पडली की सुतार, लोहार, चांभार, कुंभार, न्हावी, परीट, गुरव, जोशी, मुलाणी, मांग, महार हे आपापले बलुते घेण्यास येत; पाटील, कुलकर्णी, चौगुला यांचे हक्क-लवाजमे वेगळे. हे बलुते वतनाने येत असे, म्हणून ते मागताना कोणाला भीक मागितल्यासारखे वाटत नसे, आणि ते नाकारले तर कागदोपत्री फिर्याद होऊ शकत असे. पेशवे दप्तरात अशा तंट्यांचे कागद विपुल आहेत. फिरत्या धनगरालाही या हिशेबात स्थान होते. भीमथडीच्या काटक तट्टांवर संसार लादून तो यायचा, शेतकरी त्याच्या मेंढ्या खतासाठी रानात बसवून घ्यायचा आणि बदल्यात त्याच्या पदरात धान्य घालायचा. ज्याच्या नावावर गावात एक बिघा जमीन नाही, त्यालाही गावाच्या पिकात वाटा मिळत होता, ही लहान गोष्ट नव्हे.

तथापि येथेच थांबलो तर मी आपली फसवणूक केली असे होईल. वाटा सर्वांना होता. मान सर्वांना नव्हता. ज्यांनी गावाची वेस राखली, शिवेचे तंटे आपल्या स्मरणावर सोडविले, सरकारी वसूल कसब्यापर्यंत पोहोचविला, त्या महारांना त्यांचा हिस्सा शेवटी आणि दुरून मिळे; पाणवठा वेगळा, देवळाची पायरी वर्ज्य. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री शिरूरच्या छावणीतून निघालेल्या कंपनी सरकारच्या पलटणीची गाठ दुसऱ्या दिवशी भीमेकाठी कोरेगाव येथे पेशव्यांच्या फौजेशी पडली. त्या पलटणीत महार शिपायांची संख्या मोठी होती. त्या लढाईच्या स्मरणार्थ नदीच्या पलीकडे पेरणे गावाच्या हद्दीत उभारलेल्या जयस्तंभास १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भेट दिली, आणि तेव्हापासून ते स्थान स्वाभिमानाचे तीर्थ झाले. खळ्यावर जो मान मिळाला नाही, तो त्या स्तंभावर कोरलेल्या नावांत लोकांनी शोधला. पुढच्याच वर्षी, १९२८ मध्ये, बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात महार वतनाच्या सुधारणेचे विधेयक मांडले. कारण धान्याच्या चार पायल्यांसाठी माणसाला जन्मभर सर्वांचा ताबेदार करून ठेवणारा वाटा हा वाटा नसून बेडी आहे, हे त्यांनी ओळखले होते. कनिष्ठ ग्रामवतने रद्द होण्यास १९५८ चा कायदा यावा लागला. बलुत्याच्या आठवणींनी ज्यांचे डोळे पाणावतात त्यांनी हा इतिहास त्या आठवणींच्या शेजारीच ठेवावा, अशी माझी विनंती आहे.

इंग्रजी अमदानीत ही व्यवस्था दुसऱ्या बाजूनेही ढासळली. रोख साऱ्याचा बंदोबस्त झाला, दिवाणी अदालती आल्या, आणि खळ्यावरच्या राशीवर पहिला हक्क गावाऐवजी सावकाराच्या रोख्याचा झाला. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या दिवसांत कापसाचे भाव चढले तेव्हा सावकारांनी सढळ हाताने कर्जे दिली. भाव कोसळल्यावर तीच कर्जे हुकूमनाम्याच्या रूपाने दारात आली. डिसेंबर १८७४ मध्ये शिरूर तालुक्यातील करडे गावी एका सावकाराने गावच्या देशमुखाविरुद्ध हुकूमनामा मिळवून त्याच्या घरावर हात घातला, तेव्हा गावाने एकमताने त्या सावकाराशी व्यवहार तोडला. त्याचे शेत कोणी कसेना, दुकानात कोणी जाईना, न्हावी-परीट त्याच्या दाराशी फिरकेनात. ते लोण आसपासच्या गावांत पसरले, आणि १२ मे १८७५ रोजी त्या वेळच्या भीमथडी तालुक्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी उठाव होऊन रोखे व खतपत्रे जाळण्यात आली. दख्खनचे दंगे म्हणून इतिहासात नोंदलेल्या या प्रकरणात लोकांचा रोख मुख्यतः कागदांवर होता, माणसे मारण्यावर नव्हता, हे चौकशी आयोगानेही नमूद केले; १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा त्यातूनच आला. सहकार्य काढून घेणे हे गावाचे शस्त्र होते. तेच शस्त्र दुबळ्याला वाळीत टाकण्यासाठीही वापरले गेले, म्हणून त्याचा अभिमान आणि त्याची शरम ही दोन्ही आमच्याच वाट्याची आहेत.

आता परक्यांकडे वळतो, कारण संस्कृतीची खरी परीक्षा तेथे होते. शिरूर म्हणजे घोडनदीच्या छावणीत १८०९ मध्ये कर्नल वॉलेस नावाचा एक इंग्रज अधिकारी मरण पावला. त्याच्या थडग्यास आसपासचे शेतकरी ‘सतपुरुष’ मानू लागले आणि सुगीच्या वेळी नव्या धान्याची पहिली मूठ तेथे नैवेद्य म्हणून नेऊ लागले, अशी नोंद १८८५ च्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये आहे. परकीय सत्तेच्या अधिकाऱ्यालाही, तो सज्जन होता एवढ्याच आठवणीवर, खळ्यावरचा वाटा मिळाला. पुण्याने जिला आपली मानले नाही, त्या मस्तानीची समाधी पाबळने सांभाळली. वढू बुद्रुकच्या मातीने छत्रपती संभाजी महाराजांची समाधी, औरंगजेबाची छावणी जवळ असताना, हृदयाशी धरली. शिरापूरच्या काठावरून होडीने भीमा ओलांडून सिद्धटेकास आणि पुणे-नगर वाटेने रांजणगावच्या महागणपतीस जाणाऱ्या यात्रेकरूला पाणी आणि सावली देणे हे या दोन तालुक्यांनी कधी ओझे मानले नाही.

या वृत्तीचे सर्वांत सुंदर दर्शन यवत येथे घडते. तुकोबारायांचे चिरंजीव नारायणमहाराज यांनी १६८५ मध्ये सुरू केलेला पालखी सोहळा लोणी काळभोरचा मुक्काम हलवून यवतला येतो, आणि त्या रात्री काळभैरवनाथाच्या देवळात वारकऱ्यांना पिठलं-भाकरी मिळते. पिठलं देवळाच्या आवारात मोठमोठ्या कढयांत शिजते. भाकरी मात्र घराघरांतून येतात. माझी आई त्या दिवशी चुलीपुढून उठत नसे, आणि टोपलीत पडणारी प्रत्येक भाकरी कोण खाणार हे तिला ठाऊक नसे; ‘ज्याच्या नशिबी आहे तो खाईल’ एवढेच ती म्हणे. या जेवणात पक्वान्न नाही, हे महत्त्वाचे आहे. कोरडवाहू गावाने आपल्या घरी रोज जे शिजते तेच पाहुण्यांपुढे ठेवले, आणि देणाऱ्याच्या उपकाराची भावना त्यातून आपोआप गळून पडली. पुढे वरवंडचा मुक्काम होतो, रोटी घाट चढतो आणि पालखी बारामतीच्या वाटेला लागते. दौंड तालुक्याने वारीला दिलेला हा शिधा कोणत्याही जमाखर्चात दिसत नाही.

याच यवतपासून थोड्या अंतरावर केडगाव आहे, आणि तेथे शरणागताला वाटा देण्याचे दुसरे, अधिक कठीण उदाहरण घडले. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईस काढलेले शारदासदन पुढे पुण्यास व नंतर केडगावास आले, आणि १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी अनाथ मुलींना व विधवांना आणून येथे आश्रय दिला. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतूनही मुली आल्या. मुक्तिसदन नावाच्या या आश्रमात शेती, विणकाम, तेलघाणा, छापखाना चालत असे आणि त्यांतली कामे त्या स्त्रियाच करीत. रमाबाईंची कन्या मनोरमाबाई यांनी अंध मुलींना ब्रेल लिपी शिकविली. मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून केलेले बायबलचे मराठी भाषांतर संपवून रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथेच निवर्तल्या. त्यांच्या धर्मांतरामुळे दुखावलेल्या समाजाने त्यांना पुष्कळ काळ परके मानले. मला असे वाटते की केडगाव बेटावरील नारायणमहाराजांच्या (तुकोबांच्या चिरंजीवांहून हे निराळे) दत्तमंदिराचा आपण जितक्या आपुलकीने उल्लेख करतो, तितक्याच आपुलकीने मुक्तिसदनाचाही केला पाहिजे. दुष्काळात कोणाच्याही खळ्यावर जिला वाटा नव्हता, अशी स्त्री रमाबाईंनी माणसांत आणली; आमच्या परंपरेने जे करावयास हवे होते ते त्यांनी आमच्या भूमीवर केले.

चैत्रातल्या जत्रा ही या वाटणीची वार्षिक उजळणी होय. घरपट्टीप्रमाणे वर्गणी गोळा होते, वाजतगाजत मांडवडहाळे येतात, शेरणी वाटली जाते, रात्री छबिना निघतो, तमाशाचा फड उभा राहतो, दुसऱ्या सकाळी हजेऱ्या होतात आणि दुपारी कुस्त्यांचा आखाडा भरतो. ज्या कवठे यमाईने देवीचे नाव धारण केले आहे, त्याच गावचे लोकशाहीर बशीर मोमीन कवठेकर यांनी तमाशाच्या फडांसाठी वगनाट्ये, गवळणी व लावण्या लिहिल्या आणि शासनाच्या विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्काराचे ते मानकरी झाले; गावाच्या जत्रेत कोणाचा वाटा आहे, याचे उत्तर या एका उदाहरणात आहे. घाटातील बैलगाडा शर्यतींवर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली, २०२१ च्या डिसेंबरात त्या पुन्हा सशर्त सुरू झाल्या आणि २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरविला. आनंद झाला, परंतु बारी पळण्याची संधी न्यायालयाने ज्या अटींवर दिली त्या अटी पोळ्याला बैलापुढे हात जोडणाऱ्या शेतकऱ्याने स्वतःहूनच पाळावयास हव्या होत्या.

आज हा मुलूख पार पालटला आहे. मुठेच्या उजव्या कालव्याने दौंडच्या पश्चिम भागात, तर घोड आणि चासकमान यांच्या कालव्यांनी शिरूरमध्ये ऊस आणला. पाटसला आणि न्हावऱ्याला साखर कारखाने झाले. केडगाव-राहू पट्ट्यात गुऱ्हाळे धुमसू लागली. दौंड तर १८७८ मध्ये मनमाडचा फाटा निघाल्यापासून परप्रांतीयांच्या वसाहतींचे जंक्शनच झाले होते. रांजणगाव आणि कुरकुंभ येथे औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या. त्याच वेळी, १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाच्या फुगवट्याने दौंडच्या पूर्वेकडील भीमाकाठची रानेही पाण्याखाली घेतली. एकाच नदीखोऱ्याने तालुक्याच्या एका टोकाला दिले आणि दुसऱ्या टोकाला घेतले. ज्या पाण्याच्या अभावातून वाटणीची रीत जन्मली, ते पाणी आल्यावर ती रीत टिकली का, हा प्रश्न मी आपणापुढे ठेवतो.

माझे निरीक्षण असे आहे, की पंगती मोठ्या झाल्या, देवळांवर कळस चढले, जत्रांची बक्षिसे लाखांवर गेली. आणि खळ्यावर येणाऱ्यांची यादी मात्र जुन्या काळावरच थांबली. आज आमच्या राशीसाठी घाम गाळतो तो बीड-नगरकडून आलेला ऊसतोड कामगार, उत्तर प्रदेशातून आलेला गुऱ्हाळावरचा गुळव्या, रांजणगावच्या कारखान्यात पाळीवर जाणारा बिहारचा तरुण. जुन्या हिशेबाने पाहिले तर हे आमचे आजचे बलुतेदार. परंतु जुन्या बलुतेदाराला निदान वाटा होता, यांना केवळ मजुरी आहे, आणि मान तर पूर्वीप्रमाणेच वेशीबाहेर ठेवला आहे. उसाच्या फडाशेजारी पालात राहणारे मूल सहा महिने शाळेविना काढते, आणि त्याच काळात आपण गावात सप्ताह बसवितो.

ज्ञानाचाही वाटा करता येतो, हे पाबळच्या विज्ञान आश्रमाने दाखविले आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये तो स्थापन केला, तो शाळा सोडलेल्या खेड्यातील मुलांना हाताने काम करीत शिकता यावे म्हणून. लोहारकाम, सुतारकाम, शेती, विजेची कामे यांना त्यांनी विद्येचे स्थान दिले. जातीच्या कुंपणात अडकलेले कसब त्यांनी कोणत्याही मुलामुलीच्या हाती दिले. बलुतेदारीतील कौशल्य राखून तिच्यातील गुलामी टाकून कशी देता येते, याचा याहून चांगला पाठ आमच्या तालुक्यात दुसरा नाही.

म्हणून गुरुजींच्या स्मृतीस साक्षी ठेवून मी आपणांकडे तीन गोष्टी मागतो. इनामगावचे अवशेष अभ्यासासाठी पुण्यास आहेत; त्यांच्या प्रतिकृती, नकाशे आणि मराठी माहिती यांचे एक छोटेसे दालन तालुक्याने स्वतःच्या खर्चाने इनामगावातच उभारावे, म्हणजे आपल्या कोठाराचा इतिहास आपल्या मुलांना आपल्या गावी वाचता येईल. दुसरे, प्रत्येक जत्रा समितीने पुढच्या चैत्रापासून गावाच्या हद्दीत राबणाऱ्या प्रत्येक कुटुंबाची नोंद घ्यावी, मग त्याचे मूळ गाव कोणतेही असो, आणि मांडवडहाळ्याच्या गाडीत व पंगतीत त्याला बोलावणे धाडावे. वर्गणी देता आली तर घ्यावी, न आली तर मागू नये. तिसरे, आणि माझ्या मते सर्वांत निकडीचे, गळीत हंगाम सुरू होण्यापूर्वी प्रत्येक गावाने आपल्या शिवारात येणाऱ्या टोळ्यांतील मुलांसाठी शाळेत बाके राखून ठेवावीत आणि त्या मुलांना आणावयास शिक्षकांबरोबर गावानेही पालावर जावे. यवतच्या रात्रीची भाकरी आपण अनोळखी माणसासाठी थापतो. वर्षाच्या उरलेल्या दिवसांतही त्या अनोळखी माणसाचा वाटा मोजून बाजूला काढून ठेवला, तरच ही परंपरा आमची आहे असे म्हणण्याचा अधिकार आपणांस राहील.